घरातला स्टेकिंगचा संगणक : तो काय काम करतो आणि कसा उभा करायचा?



दिवाळीच्या सुट्टीआधीची गोष्ट. मधल्या सुट्टीत आमचे एक सर माझ्याशेजारी येऊन बसले. निवृत्तीला चार महिने राहिलेले. हातात मोबाईल. म्हणाले, "मॅडम, तुम्ही गणिताच्या. जरा हे बघा बरं. स्टेकिंग म्हणतात याला. रोज एक टक्का मिळतो. बँक वर्षाला साडेसहा देते. फंडाचे बारा लाख टाकावेत म्हणतोय."

मला तेव्हा स्टेकिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण रोज एक टक्का म्हटल्यावर मी फळ्यासारखी वहीच पुढे ओढली. आठवीच्या चक्रवाढ व्याजाचं गणित. १.०१ चा ३६५ वा घात येतो सुमारे ३७.७८. म्हणजे बारा लाखांचे वर्षभरात चार कोटी त्रेपन्न लाख. सर गणिताकडे बघून हसले, पण मोबाईल काही त्यांनी खिशात ठेवला नाही. "मॅडम, स्टेकिंग खरंच असतं हो. माझ्या पुतण्याने सांगितलंय."

पुतण्या खोटं बोलत नव्हता. स्टेकिंग खरंच असतं. म्हणून मी सरांकडून पंधरा दिवस मागून घेतले आणि माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. तो आता सॉफ्टवेअरमध्ये आहे, राहतो जेलरोडला. त्याच्या घरी हॉलमधल्या शोकेसवर जेवणाच्या डब्याएवढा एक संगणक रात्रंदिवस चालू असतो. तो म्हणाला, "मॅडम, सांगून नाही समजणार. घरी या, मशीन दाखवतो." तीन रविवार मी त्याच्याकडे जाऊन बसले. (पंधरा दिवसांचे तीन आठवडे झाले, पण सर थांबले.) जे समजलं ते आज आपण पाहणार आहोत. घरात असा संगणक कसा उभा करतात हे नीट कळलं, की स्टेकिंगच्या नावाने कोण काय विकतंय हेही ओळखता येतं.

आधी इतिवृत्ताचं उदाहरण

समजा, आपल्या शाळेत सभेचं इतिवृत्त लिहायला कायमचा लिपिक नाही. मुख्याध्यापकही नाहीत. प्रत्येक शिक्षकाकडे इतिवृत्ताची स्वतःची एक वही आहे. दर सभेला चिठ्ठी टाकून एकाची निवड होते, तो पान लिहितो. बाकीचे ते पान वाचतात, आधीच्या पानांशी ताडून पाहतात आणि "वाचले, बरोबर आहे" म्हणून सही करतात. पुरेशा सह्या झाल्या की ते पान पक्कं. मग एकट्या कुणी आपल्या वहीत खाडाखोड केली तरी उपयोग नाही, कारण बाकीच्या सगळ्या वह्या वेगळं सांगतात.

इथेरियम नावाचं जाळं असंच चालतं. सभेच्या जागी पैशांचे व्यवहार, आणि दर १२ सेकंदाला एक पान. पान लिहिणाऱ्या आणि सही करणाऱ्या संगणकाला व्हॅलिडेटर म्हणतात. पण चिठ्ठीत नाव टाकायचं असेल तर आधी ३२ नाणी जमा करावी लागतात. त्या नाण्याचं नाव इथर. सरकारी कामाचं टेंडर भरताना कंत्राटदार अनामत रक्कम भरतो ना, तसंच हे. काम नीट केलं तर मेहनताना मिळतो. गैरहजर राहिलं तर बारीकसा दंड. आणि एकाच सभेच्या दोन वेगवेगळ्या इतिवृत्तांवर सही केली, तर अनामतीतला भाग कापून व्हॅलिडेटरला कायमचं बाहेर काढतात. या शेवटच्या शिक्षेला स्लॅशिंग म्हणतात. अनामत ठेवून पहारा देण्याच्या या कामाचं नाव स्टेकिंग.

पूर्वी असं नव्हतं. बिटकॉइनमध्ये आजही पान लिहिण्याचा मान मिळवायला संगणकांची आकडेमोडीची शर्यत लागते आणि त्यात प्रचंड वीज जळते. इथेरियमही तसंच चालायचं. १५ सप्टेंबर २०२२ ला त्यांनी ती शर्यत बंद केली आणि अनामतीची पद्धत पूर्णपणे लागू केली. विजेचा खर्च ९९ टक्क्यांहून जास्त उतरला. म्हणून तर हे काम गोदामातून निघून शोकेसवर येऊ शकलं.

माझ्या विद्यार्थ्याचे वडील करन्सी नोट प्रेसमधून निवृत्त झालेले. १९२८ पासून आपल्या नाशिकरोडला नोटा छापल्या जातात, आणि प्रेसच्या माणसाला नोट हातात घेतली की आधी काय बघायचं ते शिकवावं लागत नाही. मुलगा मला हे सगळं समजावत होता तेव्हा काका कोपऱ्यात पेपर वाचत होते. मध्येच म्हणाले, "ते सगळं ठीक आहे. पण ह्याच्यावर सही कोणाची?" नोटेवर गव्हर्नरची सही असते, ठरलेली रक्कम अदा करण्याचं वचन असतं. इथे तसं वचन देणारं कुणीच नाही. सही आहे ती अशा दहा लाखांच्या आसपास व्हॅलिडेटरांची. ती सही व्यवहार खरा आहे एवढंच सांगते. नाण्याला उद्या किती भाव येईल ते ती सांगत नाही. काकांना हे उत्तर काही फारसं पटलं नाही, आणि मला वाटतं त्यांचं बरोबरच होतं.

पांडवलेणीतली ठेव

घरी परतताना मला आठवली पांडवलेणी. सहलीला आपण मुलांना नेतो, पायऱ्या चढताना दमतो, मूर्ती बघतो आणि परत येतो. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा. पुढच्या सहलीत तो गणिताचा तास म्हणून दाखवा. उषवदाताने ३,००० कार्षापण गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. एका श्रेणीकडे २,०००, दर महिना दर शेकडा एक या व्याजाने. दुसरीकडे १,०००, पाऊण टक्क्याने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीचं वर्षाचं व्याज किती? २४०. आणि लेखात म्हटलंय की वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावेत. वीस बारे दोनशे चाळीस. हिशेब चोख!

त्याच लेखात आणखी एक गोष्ट आहे. हे दान निगमसभेत सर्वांना ऐकवलं गेलं आणि फलकावर नोंदवलं गेलं. म्हणजे ठेव कुणाकडे, किती, दर काय आणि नोंद कुठे, ही चारही उत्तरं तिथे दगडात कोरलेली आहेत. आणि व्याज येणार कुठून हेही उघड आहे : विणकर त्या पैशांवर माग चालवणार, कापड विकणार.

हाच प्रश्न मी विद्यार्थ्याला विचारला. "तुझ्या मशीनचं व्याज येतं कुठून रे?" तो म्हणाला, दोन ठिकाणांहून. जाळं स्वतः थोडी नवी नाणी तयार करून पहारेकऱ्यांना देतं, आणि व्यवहार करणारे लोक फी भरतात तिच्यातला वाटा मिळतो. सगळं मिळून अलीकडे वर्षाला ३ टक्क्यांच्या आसपास. तेही नाण्यात, रुपयात नव्हे. पहारेकरी वाढले की प्रत्येकाचा वाटा कमी होतो. त्यामुळे दराची हमी कुणीच देऊ शकत नाही. वर्षाला ३ आणि रोज १. सरांच्या मोबाईलमधलं काहीतरी वेगळंच होतं, हे मला इथेच कळून चुकलं.

मशीनमध्ये काय काय लागतं?

नेहमीचा घरचा लॅपटॉप यासाठी वापरू नये. मुलं त्यावर गेम टाकतात, आपण कुठल्याही लिंकवर क्लिक करतो, झाकण मिटलं की तो झोपतो. हे मशीन फक्त एकाच कामाला ठेवायचं. छोटा मिनी पीसी पुरतो. चार कोअरचा बरा प्रोसेसर, ३२ जीबी रॅम आणि चांगल्या प्रतीची एनव्हीएमई एसएसडी. पैसे वाचवायचे तर कुठेही वाचवा, पण एसएसडीत वाचवू नका. इथेरियमच्या सगळ्या नोंदी तिच्यावर राहतात आणि दर १२ सेकंदाला त्यात भर पडते. २ टीबी हळूहळू अपुरी पडायला लागली आहे, नव्याने घेणारे ४ टीबी घेतात. जुनी फिरती हार्ड डिस्क इथे चालतच नाही, ती त्या वेगाला पुरत नाही. स्क्रीन आणि कीबोर्ड लागतो तो पहिल्या दिवशी.

मशीनवर उबुंटू सर्व्हर टाकतात. त्यावर दोन प्रोग्रॅम जोडीने चालवावे लागतात. एक व्यवहार तपासतो (गेथ, नेदरमाइंड, बेसू यांपैकी कुठलाही), दुसरा इतर पहारेकऱ्यांशी एकमत साधतो (लाइटहाऊस, टेकू, निंबस, प्रिझम वगैरे). इतके पर्याय कशाला? कारण सगळ्यांनी एकच प्रोग्रॅम वापरला आणि त्यात चूक निघाली, तर सगळे एकदमच चुकीच्या पानावर सही करतील. सगळ्या शाळेने एकाच गाइडवरून उत्तरं लिहावीत आणि गाइडच चुकलेलं असावं, तशातली गत. म्हणून जाणकार लोक मुद्दाम कमी खपाचा प्रोग्रॅम निवडतात. तिसरा छोटा प्रोग्रॅम असतो तो प्रत्यक्ष सही करणारा. कमांड टाइप करायची भीती वाटत असेल त्यांच्यासाठी इथ-डॉकर किंवा डॅपनोडसारखी तयार साधनं आहेत. पण माझा विद्यार्थी म्हणतो, पहिल्यांदा हातानेच करावं. पाढे पाठ केल्याशिवाय कॅल्क्युलेटर देऊ नये, हे त्याला मीच शिकवलं होतं म्हणे.

सुरुवातीला आधीच्या सगळ्या नोंदी उतरवून घ्यायला काही तासांपासून एक-दोन दिवसांपर्यंत वेळ लागतो. घड्याळ बिनचूक हवं, कारण १२ सेकंदांचा खेळ आहे. ते इंटरनेटवरून आपोआप जुळत राहील अशी सोय करून ठेवायची. बाहेरून कुणी आत शिरू नये म्हणून फायरवॉल लावायची आणि लागणारे दोन-तीन दरवाजेच, म्हणजे पोर्ट, उघडे ठेवायचे.

लाईट आणि नेट

इथे प्रत्येक नाशिककर विचारणार : आणि लाईट गेली तर?

एप्रिल-मे मध्ये वळवाचा पाऊस आला की तारांवर फांदी पडलीच म्हणून समजा. शिवाय देखभाल-दुरुस्तीसाठी वीज बंद राहते ती वेगळीच. तर आधी दंडाचा हिशेब समजून घेऊ. व्हॅलिडेटरला ३८४ सेकंदांत, म्हणजे ६.४ मिनिटांत एकदा सही करावी लागते. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार करा : बरोबर २२५. (पाचवी-सहावीच्या मुलांना हा भागाकार जरूर द्या, बाकी शून्य येते.) एक तास लाईट गेली तर साधारण नऊ सह्या हुकल्या. प्रत्येक हुकलेल्या सहीला जेवढा मेहनताना मिळाला असता, जवळपास तेवढाच दंड. आठवड्याला चार तास वीज नाही असं धरलं तर वर्षाचे २०८ तास, म्हणजे २.४ टक्के वेळ. मेहनताना तेवढा बुडाला आणि दंडही तेवढाच, असं मिळून वर्षाच्या कमाईतले सुमारे पावणेपाच टक्के गेले. लाईट गेली की अनामत बुडते, हा गैरसमज आहे. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा : जाळ्यातले एक तृतीयांशाहून जास्त पहारेकरी एकाच वेळी बंद पडले तर बंद असलेल्यांचा दंड भराभर वाढत जातो.

तरी इन्व्हर्टरवर जोडणी हवीच. दोन गोष्टी बहुतेक जण विसरतात. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवायचा, नाहीतर बदलाच्या त्या क्षणात मशीन बंद होऊन पुन्हा सुरू होतं. आणि राउटर व फायबरची डबीसुद्धा त्याच जोडणीवर घ्यायची. विद्यार्थ्याच्या घरी पहिल्या महिन्यात मशीन चालू, पंखा चालू आणि नेट मात्र बंद, असं झालं होतं. नेटचं तसं पाहिलं तर वेगापेक्षा महिन्याच्या मर्यादेकडे लक्ष द्या. असं मशीन महिन्याला एक टीबीच्या घरात सहज जातं.

विजेचं बिल? मिनी पीसी ३० वॅट खातो असं धरू. महिन्याला २१.६ युनिट, वर्षाला २६३. फार नाही. पण महावितरणच्या बिलात १०० च्या पुढचे आणि ३०० च्या पुढचे युनिट महाग पडतात, तेव्हा आपलं बिल नेमकं काठावर असेल तर या एकवीस युनिटांचा दर वरचा लागेल.

किल्ल्या, आणि एक रविवार

आता सगळ्यात नाजूक भाग. या कामात दोन प्रकारच्या किल्ल्या असतात. सही करायची किल्ली मशीनमध्ये राहते. पैसे काढायची किल्ली मशीनमध्ये कधीच ठेवायची नाही. शाळेचा शिक्का कार्यालयात असतो आणि चेकबुक कपाटात, तसं. मशीन चोरीला गेलं तर चोराला नाणी काढता येत नाहीत. फार तर शिक्क्याचा गैरवापर करून दंड लावेल.

दोन्ही किल्ल्यांचं मूळ म्हणजे २४ शब्दांची एक यादी. २,०४८ सोप्या शब्दांच्या ठरलेल्या कोशातून हे शब्द निघतात. इंग्रजी कोश आहे, जपानी आहे, चेक भाषेतलाही आहे, मराठीतला नाही. (कुणी भाषाशिक्षकांनी मनावर घेतलं तर किती छान उपक्रम होईल!) इंग्रजी कोशातल्या कुठल्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरं सारखी नसतात, त्यामुळे अक्षर वाईट असलं तरी शब्द ओळखता येतो. ही यादी कागदावर लिहायची. फोटो काढायचा नाही, व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवायची नाही, मेलमध्ये ठेवायची नाही. ती हरवली तर पैसे काढून देणारी कुठलीच शाखा नाही आणि शाखाधिकारीही नाही.

माझा विद्यार्थी हे सगळं चाचणी-जाळ्यावर करत होता. तिथली नाणी फुकट मिळतात, थोडी खटपट करावी लागते इतकंच. त्यांना बाजारात किंमत शून्य, पण नियम सगळे खऱ्यासारखेच. इथेरियमच्या चाचणी-जाळ्यांना रेल्वे-मेट्रो स्टेशनांची नावं द्यायची रीत आहे, आणि मार्च २०२५ मध्ये सुरू झालेल्या जाळ्याचं नाव आहे हूडी, बंगळुरूतलं.

दुसऱ्या रविवारी मी बसलेली असतानाच गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरचा आवाज झाला आणि वीज गेली. इन्व्हर्टरची बॅटरी जुनी, दोन तासांत तीही बसली. पोरगा हुशार. म्हणाला, "मॅडम, थांबा. लॅपटॉपवर तयारी आहे, मोबाईलच्या नेटवर चालवतो." त्याने सहीच्या किल्ल्या लॅपटॉपवर टाकून काम सुरू केलं. दोन सह्या पोचल्या, आम्हाला कोण आनंद. अर्ध्या तासाने वीज आली. आता ऐका. मशीनच्या बायॉसमध्ये त्याने सेटिंग करून ठेवलेलं : वीज आली की आपोआप चालू हो. सगळेच असं करायला सांगतात आणि ते योग्यच आहे. आम्ही चहा पीत असताना शोकेसवरचं मशीन गुपचूप जागं झालं आणि सह्या करू लागलं. लॅपटॉपही करतच होता. एकच शिक्का दोन हातांत! दोघांची इतिवृत्तं जरा वेगळी निघाली आणि आमचा व्हॅलिडेटर स्लॅश झाला. अनामत कापली, हकालपट्टी.

हे टाळायची सोय प्रोग्रॅममध्ये असते. ती चालू केली तर सुरू होण्याआधी काही मिनिटं थांबून, आपल्याच नावाने दुसरं कुणी सह्या करतंय का, ते तो बघतो. पोराने घाईत ती लावली नव्हती. "खरी नाणी असती तर?" मी विचारलं. तो काहीच बोलला नाही. काका मात्र पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "प्रेसमध्ये एका नंबरच्या दोन नोटा निघाल्या असत्या तर घरी पाठवलं असतं आम्हाला."

तेव्हा मशीन बंद पडलं तर बंद राहू द्यावं. दंड पै-पैचा आहे. जी मोठी चूक होते ती घाईने दुसरं मशीन लावण्यात होते.

पैशांचं गणित

३२ इथर म्हणजे किती रुपये? २०२५ या एकाच वर्षात एका इथरचा भाव सव्वा लाखाच्या आसपासपासून चार लाखांच्या वर जाऊन आला. लासलगावचा कांदाही एवढ्या उड्या मारतो, पण कांदा निदान खाता येतो. मधला अडीच लाख भाव धरला तर अनामत झाली ८० लाख. ३ टक्क्यांनी वर्षाला ०.९६ इथर, म्हणजे २ लाख ४० हजार. तेच ८० लाख बँकेत साडेसहाने ठेवले तर ५ लाख २० हजार, आणि मुद्दल निम्मं होण्याची भीती नाही. थोडक्यात, व्याजासाठी कुणी स्टेकिंग करत नाही. ज्याच्याकडे ही नाणी आधीच आहेत आणि जो ती ठेवणारच आहे, त्याच्यासाठी हा जोडधंदा आहे. ३२ पेक्षा कमी नाण्यांत काम करू देणाऱ्या रॉकेट पूलसारख्या व्यवस्था आहेत, पण त्यांत आणखी एका प्रोग्रॅमवर विश्वास ठेवावा लागतो.

देशी एक्स्चेंजवर एक बटन दाबूनही काही ठिकाणी स्टेकिंग करता येतं. तिथे मशीन त्यांचं, किल्लीही त्यांची. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या एक्स्चेंजमधून सुमारे दोन हजार कोटी रुपयांची नाणी चोरीला गेली, तेव्हा किल्ली दुसऱ्याकडे असणं म्हणजे काय ते लाखो ग्राहकांना कळलं.

कराचं थोडक्यात. १ एप्रिल २०२२ पासून असं नाणं नफ्यात विकलं तर त्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि वर उपकर. खरेदीची किंमत सोडून दुसरा खर्च वजा होत नाही, म्हणजे मिनी पीसी आणि वीजबिल विसरा. तोटा झाला तर तो दुसऱ्या उत्पन्नातून वळता करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएसही कापला जातो. स्टेकिंगमधून मिळालेली नाणी हातात आली तेव्हाच उत्पन्न धरायचं का, याबद्दल आपल्या सीएशी बोलूनच विवरणपत्र भरा. आणि शिक्षक मित्रांनो, आपल्याला सेवेचे वर्तणूक नियमही लागू आहेत. सट्टा आणि खाजगी धंदा यांबद्दल त्यांत काय लिहिलंय ते एकदा वाचून ठेवा. अकरावी-बारावीच्या मुलाने हट्ट धरला तर पालकांनी मशीन जरूर घेऊन द्यावं, पण चाचणी-जाळ्यापुरतं. लिनक्स, नेटवर्क, किल्ल्यांचं गणित, शिस्त, सगळं त्यात येतं.

सरांचं पुढे काय झालं?

तिसऱ्या रविवारी विद्यार्थ्याने मला एक गोष्ट दाखवली. खऱ्या जाळ्यावरच्या प्रत्येक व्हॅलिडेटरला क्रमांक असतो. तो क्रमांक कुणालाही इंटरनेटवर टाकून बघता येतो : कधी रुजू झाला, आज किती सह्या केल्या, किती हुकल्या, दंड किती. उषवदाताच्या निगमसभेतला फलकच म्हणा ना. तो म्हणाला, "मॅडम, सरांना सांगा, त्यांच्या लोकांना फक्त व्हॅलिडेटरचा नंबर विचारायचा."

सरांनी ग्रुपवर विचारलं. उत्तर आलं, तो कंपनीचा गोपनीय नंबर आहे. सरांनी पुन्हा विचारलं, अगदी नम्रपणे, "तो सगळ्यांना दिसतो असं आमच्या मॅडम म्हणतात." संध्याकाळपर्यंत त्यांना ग्रुपमधून काढून टाकलेलं होतं.

तेव्हा कुठे त्यांनी सांगितलं की चाचणी म्हणून दहा हजार आधीच भरले होते. ॲपमध्ये त्याचे अकरा हजार नऊशे दिसत होते. काढायला गेलं की आधी कर भरा असा निरोप यायचा. आम्ही दोघांनी बसून १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावला आणि तक्रार नोंदवली. पैसे अजून आलेले नाहीत. २०१४ चं केबीसी प्रकरण नाशिकमध्ये कुणी विसरलेलं नाही, आणि पुण्यातून गाजलेल्या गेनबिटकॉइनमध्ये महिन्याला १० टक्के देऊ म्हणत होते. त्यांच्यापुढे हे दहा हजार म्हणजे काहीच नाहीत. पण सर दोन दिवस कुणाशी बोलत नव्हते. चाळीस वर्षं मुलांना इतिहास शिकवलेला माणूस, त्यांना पैशांपेक्षा ते लागलं.

बारा लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत गेले, ८.२ टक्क्यांनी.

शोकेसवरचं मशीन चालू आहे, नव्या किल्ल्यांसह, अजून चाचणी-जाळ्यावरच. इन्व्हर्टरला नवी बॅटरी आली. काकांनी मशीनशेजारी एक जुनी डायरी ठेवली आहे. रोज रात्री झोपण्याआधी मुलाकडून आकडा विचारून त्यात लिहितात : आज २२५ पैकी किती. मागच्या वेळी मी गेले तेव्हा शेवटची नोंद होती २२१, आणि समोर त्यांच्या अक्षरात : "सायंकाळी लाईट २५ मि. नव्हती, बॅटरीची वायर ढिली."